वयवारीचं उदाहरण

एक जुलै उजाडला की श्रावण गुरुजींच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस असे. ज्या काळात आई-बापाला पोराची तारीख ठाऊक नसे, त्या काळात पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की ते सहा वर्षांचं झालं असं धरत आणि शाळेतले मास्तर एक जुलै टाकून मोकळे होत. समोरचे रामराव एक जुलैचे, मागच्या गल्लीतले देवीदास एक जुलैचे. बाकीच्यांच्या तारखा मास्तरांनी टाकलेल्या आणि आपली तेवढी खरी, असं गुरुजींचं ठाम मत होतं. आज ते मत सत्तर वर्षांचं झालं होतं.

सत्तरीचा बेत नातवाचा, स्वप्निलचा. तो पुण्याहून आला तोच लॅपटॉप आणि भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र घेऊन. म्हणाला, "आजोबा, तारीख टाकली की माणसाच्या आयुष्याची सगळी आकडेवारी निघते." चतुराबाईंना वाटलं, नवऱ्याचं आयुष्य आपल्या डोळ्यांसमोर गेलं, त्यातून आता आणखी काय निघायचं राहिलं. त्यांच्या डोक्यात सकाळपासून संध्याकाळचा फोन घोळत होता.

फोन अकोल्याला करायचा होता. त्यांची नात पायल तिथं बँकेत नोकरीला होती, आणि सरकारी दवाखान्यात औषधं देणाऱ्या ललितशी तिचं जमलं होतं. मुलगा निर्व्यसनी, घरचे आपल्यातलेच, बोलणं गोड. सगळं जुळत आलं आणि पायल ललितपेक्षा एक वर्ष दहा महिन्यांनी मोठी निघाली. शोध अर्थात गुरुजींचा. गेल्या रविवारी त्यांनी निकालही देऊन टाकला होता. "आपण पत्रिका पाहत नाही, ती अंधश्रद्धा आहे. पण वय म्हणजे गणित. नवरा मोठा, बायको लहान. या घरात आजवर असंच झालं आणि पुढेही असंच होईल." बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून पत्रिका सोडली आणि तिथंच बसून तारीख धरली, असं सून माधवी स्वयंपाकघरात पुटपुटली होती. पण ते स्वयंपाकघरातच राहिलं. ललितच्या घरच्यांनी एक जुलैपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं होतं, आणि वाढदिवस आटोपला की मनोजनं, म्हणजे पायल-स्वप्निलच्या वडिलांनी, नकार कळवायचा होता.

"आई, तुम्ही एकदा बोला ना बाबांशी," माधवी पाटोडीचा रस्सा ढवळत म्हणाली. "पोरगी चार दिवसांपासून धड जेवली नाही."

"मी काय बोलू वं? आकडा समोर असला का तुह्या सासऱ्याले माणूस दिसते का?"

रजा काढून आलेली पायल पुऱ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. "राहू द्या आजी. मी पळून नाही जाणार. दुसऱ्या कोणाशी करणारही नाही. आजोबांना तेवढं सांगून ठेवा."

चतुराबाईंचा पिठातला हात थांबला. नातीनं भांडावं, रडावं, असं त्यांना वाटत होतं. हे शांत बोलणं त्यांना सोसवेना. कारण या घरात आजवर नवराच मोठा होता हे साफ खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं. ते या घडीला पीठ मळत होतं.

त्या गुरुजींपेक्षा चांगल्या चार-साडेचार वर्षांनी मोठ्या होत्या. माहेरी, अकोटला, आई लवकर गेली. पाठचे दोन भाऊ त्यांनीच वाढवले, आणि भाऊ कमावते होईपर्यंत लग्नाचं नाव कोणी काढलं नाही. स्थळ आलं तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती. पण अंगानं काडी. मावशीनं पाहुण्यांसमोर बिनदिक्कत "अठरावं सरलं" म्हणून सांगितलं आणि कोणाला शंका आली नाही. पुढे आधार कार्डाच्या वेळी मनोजनं त्या अठरावरूनच उलटं मोजलं आणि एक जानेवारी एकोणसाठ अशी तारीख लावून टाकली. मावशी केव्हाच गेली, मागोमाग दोन्ही भाऊही. खोटं मात्र शिक्क्यासह चतुराबाईंच्या पाकिटात राहत होतं.

सांगून टाकावं असं त्यांना रविवारपासून वाटत होतं. पण सत्तरीच्या दिवशी गुरुजींची गल्लीत शोभा करायची? एवढ्या वर्षांचा संसार, आणि शेवटी म्हातारपणी फसवाफसवीचा आळ घ्यायचा? त्यात नणंद मैनाबाई सकाळच्या एसटीनं अकोल्याहून येऊन बसल्या होत्या, त्यांना तर वर्षाचा खुराक मिळाला असता. पीठ गरजेपेक्षा जास्त मळलं गेलं.

सकाळी वंदना झाली, खीर झाली. दुपारी जेवणं झाल्यावर बैठकीत पडदे ओढले आणि स्वप्निलनं भिंतीवर आकडे पाडायला सुरुवात केली. गुरुजी नव्या सदऱ्यात, खांद्यावर शाल, हार घातलेल्या खुर्चीत बसले होते. बाकीचे सतरंजीवर.

"आजोबांचा जन्म, एक जुलै छप्पन. वार रविवार."

"म्हणजे सुट्टीचा," मनोज म्हणाला. "शिक्षकच होणार."

"आजपर्यंतचे दिवस पंचवीस हजार पाचशे सदुसष्ट. हृदयाचे ठोके अंदाजे दोनशे पासष्ट कोटी. झोप तेवीस वर्षं."

तेवीस वर्षं ऐकून चतुराबाईंना आकडा कमी वाटला. वर्गात खुर्चीवर घेतलेली झोप बहुधा धरली नसावी. मग चहा आला, ऐंशी हजार कप. गुरुजींनी तो आकडा मान हलवून स्वीकारला, जणू ते कप त्यांनी पराक्रमानं मिळवले होते. कप कोणी केले, याचा रकाना यंत्रात नव्हता.

"आता खास," स्वप्निल म्हणाला. "आपल्या घरातल्या मोठ्या घटना मी त्यात टाकल्यात. त्या त्या दिवशी आजोबांचं वय किती होतं ते बघा. नागपूरची दीक्षा, चौदा ऑक्टोबर छप्पन. आजोबांचं वय तीन महिने तेरा दिवस."

टाळ्या पडल्या. गुरुजी खुर्चीत सावरून बसले. ही त्यांची कथा होती. दर ऑक्टोबरात बैठकीत, आल्यागेल्या पुरुष मंडळींसमोर ते ती सांगत. पाच-दहा लाख माणसांच्या त्या मैदानात आपण सगळ्यांत लहान असू, असा त्यांचा दावा होता.

"माह्याच कडेवर होता थो," मैनाबाई म्हणाल्या. "रडून रडून माहा खांदा भिजवला यानं. माय म्हने, दे त्याले माह्याजवळ, तू दमशीन."

"आता आजीचं," स्वप्निल म्हणाला. "आजी, हे सरप्राइज आहे."

"माहं काही नको रे बाप्पा. मी काय नोकरी केली का काही."

पण त्यानं बटण दाबलंच होतं. भिंतीवर आजींचा फोटो आला, एक जानेवारी एकोणसाठ आली, दिवस आले, ठोके आले. मग दीक्षा आली आणि तिच्यासमोर लिहून आलं, जन्माआधी दोन वर्षं अडीच महिने.

क्षणभर कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग माधवी म्हणाली, "हे कसं? आई तर दीक्षेला गेल्या होत्या."

खरंच, ही चतुराबाईंची कथा होती, आणि तीही दर ऑक्टोबरातच सांगितली जात असे, फक्त स्वयंपाकघरात. पुरुष बैठकीत गुरुजींची ऐकत, बायका आत चतुराबाईंची. पोरं दोन्हीकडे खायला मिळे म्हणून दोन्ही ऐकत मोठी झाली. दोन्ही कथा घरात तोंडपाठ होत्या. पण एक जण तान्हा होता आणि एक जण चालत होती, या दोन गोष्टी शेजारी ठेवून वजाबाकी करायचं कोणाला सुचलं नव्हतं. घरात चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस होता, हे विशेष.

"यंत्र चुकलं असेल," मनोज म्हणाला.

"यंत्र नाही चुकत बाबा," स्वप्निल दुखावून म्हणाला.

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि समजूतदार आवाजात म्हणाले, "यात घाबरण्यासारखं काही नाही. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं लहान मुलांना स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. मी वर्गात नेहमी बघायचो. हिनं आईबापांकडून ऐकलं असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलं असेल. मनात ठसलं. बस. आता दीक्षेला आपल्या घरातून मी एकटाच..."

"आणि मी," मैनाबाई म्हणाल्या.

"आणि मैनाबाई. पुढचं चित्र लाव स्वप्निल."

घरभर सुटकेचा नि:श्वास पसरला. मनोज तर हसून म्हणाला, "आई, तू तर जन्मलीच नव्हतीस." पायलही हसली, चार दिवसांत पहिल्यांदा, आणि चतुराबाईंना त्या हसण्याचंही वाईट वाटलं.

जन्मलीच नव्हतीस. त्यांच्या डोळ्यांपुढे बापाचं धोतर आलं. दीक्षेला पांढरं घालून जायचं होतं, आणि घरात पांढरं असं तेवढंच होतं. आईनं ते मधोमध फाडलं, अर्ध्याचा चतुराला झगा शिवला, गुंड्या नव्हत्या म्हणून पाठीवर नाडी बांधली. अर्धं धोतर नेसून बाप अकोटहून निघाला. रेल्वेत उभं राहायला जागा नव्हती. मैदानात शेजारच्या अनोळखी बाईनं तिला अर्धी भाकर दिली, ती खाऊन डोळे मिटायला लागले, तर बापानं गदागदा हलवलं. झोपू नको चतुरा, हे पुन्हा पाह्यले भेटनार नाही. आणि मग सगळे बोलले ते तीही बोलली. शब्द कळत नव्हते, पण बाप बोलता बोलता रडत होता हे दिसत होतं. बापाला रडताना तिनं त्याच्या आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आयुष्यात त्यांच्याजवळ स्वतःचं असं हेच होतं. बाकी सगळं घराचं होतं.

"थांब रे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण स्वप्निलचा हात थांबला. "मी तिथं होती."

"अगं, पण तारीख..." गुरुजी म्हणाले.

"तारीख खोटी हाय. वय घ्या माहं. जितकं वाढवायचं तितकं वाढवा. दीक्षा मी देत नाही." त्यांनी पदर सावरला. "पाच वर्षं सरली होती मले. मावशीनं तुमाले अठरा सांगतलं, तवा मले सव्वीसावं लागून राहिलं होतं."

रागावले की गुरुजींची पुस्तकी भाषा गळून पडत असे, तशी आता गळून पडली.

"म्हंजे तू माह्यापेक्षा मोठी हायेस? आन् इतक्या वर्षांत तुनं मले सांगतलं नाही?"

"तुमी इचारलं का कधी? पाह्यले आले तवा तुमी मले वयवारीचं उदाहरण घातलं. मायचं वय पोरीच्या चौपट, चार वर्षांनं तिप्पट होते, तं आज दोघीचं वय सांग. मी बरोबर सांगतलं. साऱ्या दुनियेच्या माय-लेकीचं वय काढलं तुमी, समोर बसली तिचं नाही काढलं."

पायलनं तोंडावर हात घेतला. ती हसत होती की रडत होती, हे कळायला मार्ग नव्हता.

"फसवलं व माय," मैनाबाई मांडी बदलून म्हणाल्या. वर्षाचा खुराक त्यांना नुकताच वाढला गेला होता. "माह्या भावाले फसवलं. आमी गाय समजून आनली, न् घरात..."

"मैनाबाई," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "यायले कडेवर घेऊन तुमी नागपूरले नेलं ना? आन् तुमच्या आधारवर वय हाय छासष्ट. भाऊ आज सत्तरचा झाला. स्वप्निल, आत्याआजीचं टाक रे एखांदं."

स्वप्निलनं खरंच बोटं उचलली. मैनाबाईंनी पदरानं वारा घेतला. छासष्टचा आकडा त्यांनी अकोल्यात फार कष्टानं टिकवला होता.

"जाऊ दे व," त्या म्हणाल्या. "वयाचं काय घेऊन बसता. माणूस चांगलं पाह्यजे. चतुरानं काय कमी केलं या घरात?" आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "तूच कावून ताणून राहिला रे?"

गुरुजी एकटे पडले. मनोज बापाच्या बाजूचा, पण तोही आता जमिनीकडे पाहत होता. धीर करून तो म्हणाला, "बाबा, मग तो नियम? आजवर या घरात असंच झालं, म्हणाला होतात तुम्ही."

"नियम मी जी माहिती होती तिच्यावर केला होता."

"मग माहिती बदलली," माधवी दारातून म्हणाली. सासऱ्यांसमोर ती इतकं स्पष्ट पहिल्यांदाच बोलत होती. बोलून झाल्यावर ती लगेच आत गेली नाही, हेही पहिल्यांदाच होतं.

गुरुजी बायकोकडे पाहत होते. राग चेहऱ्यावर होता, पण त्याच्याखाली दुसरंच काही हलत होतं. चतुराबाईंना ती नजर ओळखीची वाटली. वर्गात एखादं ढ समजलेलं पोर अचानक बरोबर उत्तर देई, तेव्हा गुरुजी असेच पाहत, आणि घरी येऊन दोन दिवस त्याच पोराबद्दल बोलत.

"झग्याले गुंड्या नव्हत्या, असं तू सांगतेस," ते हळूच म्हणाले. स्वयंपाकघरातली कथा त्यांनी ऐकली होती तर.

"नाडी होती. मागं."

"हं."

मग गुरुजी नातवाला म्हणाले, "ते खोटं पुसून टाक. खरं वय टाक तिचं."

"आजी, तारीख काय टाकू?" स्वप्निलनं विचारलं.

इथं चतुराबाई अडल्या. तारीख त्यांना ठाऊक नव्हती. आईला ठाऊक नव्हती, बापाला लिहिता येत नव्हतं, आणि एक जुलै टाकायला त्या शाळेत वेळेवर पोचल्याच नव्हत्या. "तारीख तं नाही रे बाप्पा."

"तारखेशिवाय पुढे जात नाही हे."

"मंग चौदा ऑक्टोबर टाक," त्या म्हणाल्या. "माहा बाप म्हने, आपण त्याच दिवशी माणसात आलो. त्याच्या आधीची तारीख आपली कोण मांडून ठेवते."

"आणि सन?"

"सन तुह्या आजोबाले इचार. वयवारी त्यायचा इषय हाय."

गुरुजींचे ओठ हलले. उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर काहीतरी लिहून पुसत होतं. इतकं सोपं उदाहरण त्यांनी चौथीच्या पोरांनाही घातलं नसतं, पण त्यांना वेळ लागला.

"एकावन्न," ते म्हणाले. आणि मग, आकड्याचा अर्थ लागल्यावर, "म्हणजे येत्या ऑक्टोबरात तू पंच्याहत्तर पूर्ण करतेस."

स्वप्निलनं बटण दाबलं. भिंतीवरचे आकडे भराभर वाढले. "आजी, वार रविवार. आजोबांसारखाच."

"असंल," चतुराबाई म्हणाल्या. "पण मले सुट्टी कधी होती."

यावर माधवी मोठ्यानं हसली, पायल हसली, मैनाबाईही हसल्या. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिची घडी नीट घातली आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून हातातच धरली. मग खुर्चीतून उठले.

"बस," ते बायकोला म्हणाले.

"मी कायले बसू? वाढदिवस तुमचा हाय."

"बस म्हणतो ना. मोठ्यांनी उभं राहायचं आणि लहानांनी खुर्चीत बसायचं, हे मी वर्गात कधी चालू दिलं नाही."

चतुराबाई बसल्या. हार कुशीला टोचत होता, पण त्यांनी तो सरकवला नाही. या खुर्चीतून घर वेगळंच दिसत होतं. बाबासाहेबांचा फोटो समोर येत होता, स्वयंपाकघराचं दार पाठीमागे जात होतं. पायल येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं गुडघ्यावर डोकं टेकलं. सहा वाजत आले होते. मनोजनं खिशातून मोबाईल काढला आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, अकोल्याला काय कळवू?"

"दे इकडे," गुरुजी म्हणाले. "मी बोलतो."

पायलचं डोकं गुडघ्यावर जड झालं. चतुराबाईंनी तिच्या केसांवर हात ठेवला. रिंग दोनदा वाजली. गुरुजींनी घसा खाकरला, पाठ ताठ केली. त्यांची पुस्तकी भाषा परत जागेवर आली होती.

"जय भीम. श्रावण गुरुजी बोलतो, अमरावतीहून. हो, विचार झाला आमचा. मुलगा एक वर्ष दहा महिन्यांनी लहान आहे, हे मी तपासलेलं आहे." ते थांबले. "त्याची तुम्ही काळजी करू नका. आमच्या घरात पहिल्यापासून तशीच रीत आहे."